मागे जाणारे आभार

चहाचा कप खाली ठेवून अनंतराव म्हणाले, “प्रेमला, चहाबद्दल धन्यवाद,” आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या प्रेमलाच्या हातातून सांडशी सुटून फरशीवर पडली. आवाज एवढा झाला की भिंतीपलीकडून कमलम्मानं विचारलं, “काय फुटलं ओ वहिनी?” फुटलं काहीच नव्हतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. दिवसाला दोन धरले तरी सव्वीस हजारांच्या वर कप या माणसानं तिच्या हातचे रिचवले होते आणि त्यावर आजवर तीनच शेरे मारले होते: गोड झालाय, फिका हाय, अन् घोटभर उरलाय का. प्रेमला हिशेबाची बाई होती. पैशांचा हिशेब नव्हे, माणसांचा. कोण बारशाला आलं, कोण आजारपणात नुसता फोन करून सुटलं, कुणी दिलेली साडी आधी कुणाच्या कपाटातून फिरून आली होती, सगळं तिच्या डोक्यात तारीखवार लावलेलं असे. पण हा शब्द तिला कुठल्याच खान्यात घालता येईना. धन्यवाद एक तर निरोप समारंभात शाल-नारळाबरोबर यायचे, नाहीतर बँकेच्या यंत्रातून नोटा बाहेर पडल्यावर आतली बाई म्हणायची. आपल्या नवऱ्याला यातलं नेमकं काय झालंय, हे तिला कळेना.

“बरं वाटत न्हाई का?” तिनं विचारलं.

“उलट लई बरं वाटून राहिलंय,” अनंतराव म्हणाले, आणि मांडीवर एक लांब वही उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

वहीत चार खाने पट्टीनं आखलेले होते. अनुक्रमांक, कामाची तारीख, आभाराचा विषय, शेरा. कामाची तारीख म्हणजे ज्या दिवशी ते उपकाराचं काम घडलं ती तारीख, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं, जणू उद्या तिलाच ती वही सांभाळायची होती. झालं होतं असं की आदल्या संध्याकाळी बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर लातूरचे कुणी व्याख्याते येऊन गेले. ते म्हणाले, कृतज्ञता म्हणजे दिवाळीचं उटणं नव्हे, वर्षातून एकदा चोळलं की झालं. ती दात घासण्यासारखी रोज करायची. रोज एक आभार, माणसाच्या तोंडावर, मोठ्यानं, आणि एकदा मानलेला पुन्हा मानायचा नाही. कट्ट्यावरच्या अकरा जणांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सात उरले. भागवत मास्तरांनी बायकोचे आभार मानले तर ती म्हणाली, “कुठं शेण खाऊन आलात ते आधी सांगा,” तिथंच त्यांचं व्रत सुटलं. आठवड्यानं एकटे अनंतराव उरले. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनीच्या नोंदी ठेवण्यात घातली होती. आखलेला खाना रिकामा दिसला की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची.

चहाच्या आभारानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी गेल्या सालच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घातल्याबद्दल आभार मानले. तिसऱ्या दिवशी करोनातले. “दाराबाहेर ताट ठेवून तू तिथंच बसून राहायचीस. मी जेवलो का न्हाई, आवाजावरून ओळखायचीस. धन्यवाद.” प्रेमलानं मान हलवली आणि मळलेली कणीक उगाच पुन्हा मळली. तिला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची आठवण येत होती. मुखेडकडच्या त्यांच्या गावात तिचे वडील, रामकिशन पाटील, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे आणि त्याच्या कानाशी लागून म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. वर्षभर ज्याच्यावर आसूड ओढला त्याला अहो-जाहो. एका वर्षी म्हाताऱ्या ढवळ्याचे खांदे ते नेहमीपेक्षा कितीतरी वेळ चोळत बसले. हात थांबेनात. पोळा झाला आणि चौथ्या दिवशी ढवळ्याचं दावं नुसतंच खुंट्याला लोंबत होतं. नऊ वर्षांच्या प्रेमलानं तेव्हाच मनाशी नोंद करून ठेवली होती की हात असे हळू फिरायला लागले, की समजायचं.

कमलम्मा मूळची देगलूरची. तिनं वाटीभर दही परत करताना हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अय्यो, वहिनी! आमचे मामा असंच केले. एकेकाला बोलवून हात धरले. आठव्या दिवशी खल्लास.”

“गप बस. त्यांची शुगर तुझ्यापेक्षा बरी हाय.”

“शुगरचं काय घेऊन बसलात? माणसाला आतून कळतंय.”

त्या दुपारी अनंतराव झोपले असताना प्रेमलानं त्यांच्या तपासण्यांची फाईल काढून पान न् पान बघितलं. आकडे सगळे रेषेच्या आत होते. खिसे बघितले, त्यात बडीशेप आणि बसचं जुनं तिकीट निघालं. पुण्याला मिहिरला फोन लावून विचारलं, बाबा तुला काही बोलले का रे. मुलगा हसला. “आई, लोक या गोष्टीचे क्लास लावतात. तुला फुकट मिळून राहिलंय, घे की.” चौथ्या दिवशी आभार आले ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्याचे. “मी दिवसभर खुर्चीत बसून असायचो, तू एका शब्दानं टोचलं न्हाईस.” हे साफ खोटं होतं. टोचलं होतं, फक्त कमलम्माला. प्रेमलाला वाटलं, निम्मे आभार असेच आहेत. जे केलं ते दात-ओठ खाऊन केलं, जे केलं नाही ते यांना केलेलं दिसलं. यावर तिला हसूही येत होतं. पाचव्या दिवशी हसू थांबलं. त्या दिवशी अनंतरावांनी दोन हजार चौदा सालातली गोष्ट काढली, आणि प्रेमलाच्या डोक्यातल्या तारखा आपोआप एकाखाली एक लागल्या. चोवीस, तेवीस, एकवीस, अठरा, चौदा. हा माणूस इकडचं तिकडचं आठवत नव्हता. हा क्रमानं मागं मागं जात होता.

ती रीत तिच्या ओळखीची होती. मुखेडला असो, बिलोलीला असो, नोकरीत असताना जमिनीचं भांडण आलं की ते जेवताना सांगायचे: आजचा सातबारा बघून काही कळत नाही. आजच्या नोंदीखाली मागच्या फेरफाराचा नंबर असतो, तो काढायचा. त्याच्याखाली त्याच्या मागचा. असं पायरी पायरी उतरत जायचं, पार निजामाच्या काळातल्या मोडी कागदापर्यंत. “खोटी नोंद किती का जुनी असंना,” भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणायचे, “मागं चालत गेलं की पायाला लागतेच.” प्रेमलानं तेव्हा त्यांच्या ताटात आमटी वाढली होती. आता तिनं बोटांवर मोजलं. रोजची दोन-तीन वर्षं धरली तर आणखी आठ-नऊ दिवस. आठ-नऊ दिवसांनी हा माणूस सकाळी साडेसहाला चहाचा कप खाली ठेवील, पेनाचं टोपण काढील आणि सत्त्याण्णव सालच्या एप्रिलातल्या एका दुपारचे आभार मानील. आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातल्याचे. आणि ते पाणी तिनं घातलेलं नव्हतं.

तेव्हाचं लातूरचं भाड्याचं घर. पुढं खोली, मधे आत्याबाईंची खाट, मागं स्वयंपाकघर आणि मोरी. सासूला प्रेमला आत्याबाई म्हणे. त्यांचं उजवं अंग जाऊन अकरा महिने झाले होते. त्या अकरा महिन्यांचा हिशेब प्रेमला कुणाहीपुढे ताठ मानेनं मांडू शकली असती. कूस बदलणं, धुणं, भरवणं, एक दिवस चुकला नव्हता. आत्याबाई दिवसातून तीस वेळा पाणी मागत आणि चमचा तोंडाशी नेला की पंचवीस वेळा तोंड फिरवत. त्या दिवशी नळाला नवव्या दिवशी पाणी आलं, तेही भर दुपारी, दीडच्या सुमाराला. चाळीस मिनिटं राहायचं. गेलं की पुढचे नऊ दिवस टँकरच्या मागं पळायचं. मिहिर शाळेत होता. प्रेमलानं आधी दोन पिंपं लावली. आतून हाक आली, “पाणी.” ती म्हणाली, आले, आले, एवढं पिंप होऊ द्या. मग घागरी, हंडे, बादल्या. “पाणी गं.” आले. पातेली भरली, डबे भरले. “पाणी…” इथपर्यंत ती कुणालाही सांगू शकली असती. लातूरची कुठलीही बाई म्हणाली असती, बाई, नळ सोडून कोण उठतं? पण पुढचं सांगता येत नव्हतं. घरातली सगळी भांडी भरली होती आणि नळ अजून चालू होता. आता उठायला हरकत नव्हती. ती उठली नाही. तिनं तांब्या भरला. फुलपात्रं भरली. मग तिनं वाट्या घेतल्या. सहा वाट्या, एकेक करून, काठोकाठ, सावकाश, बारीक धारेखाली. वाटीत पाणी भरून नऊ दिवस कुणी जगत नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं. सहावी वाटी भरली तेव्हा आत सगळं गप्प होतं. ती गेली तर आत्याबाईंचे डोळे मोरीच्या दाराकडं लागलेले होते आणि ओठ कोरडे पडून चिकटले होते. तिनं घाईघाईनं चमच्यानं पाणी घातलं. ते गालावरून उतरून उशीत जिरलं. तीन वाजता अनंतराव आले, आळीतल्या बाया जमल्या, आणि प्रेमलाच्या तोंडून वाक्य निघून गेलं, “माझ्या हातचं पाणी पिऊनच गेल्या.” उशी ओली होती. तेवढा पुरावा सगळ्यांना पुरला.

त्या वाक्याचा पुढं सण झाला. दर पितृपक्षात आत्याबाईंच्या तिथीला उदगीरहून नणंद सिंधु येई, आणि पानं मांडायच्या आधी सगळ्यांच्या देखत प्रेमलाला साडी देऊन डोळे पुसत म्हणे, “आमची आई तहानली न्हाई गेली. वहिनीच्या हातचा घोट घेऊन गेली. हे देणं फिटायचं न्हाई.” प्रेमला मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे. वर्षातून एकदा, दहा मिनिटं. त्याला माणूस तयारी करून उभा राहू शकतो. आठ दिवस आधीपासून ती पोट घट्ट करायला लागे, आणि पानं उठली की सोडून देई. दुखऱ्या दातानं फक्त थंडीत ठणकावं तसं. ते आभार सगळ्यांसाठी होते, रिवाजाचे होते, त्यांत तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पण रोज सकाळी, समोर बसून, डोळ्यांत बघून, एकेक पायरी खाली उतरत येणारा हा आवाज निराळा होता. पेनाचं टोपण निघाल्याची ‘टक’ तिला आता मोरीतही ऐकू यायला लागली.

मग तिनं ठरवलं की याला आजमध्येच अडकवून ठेवायचा. रोज ताजे उपकार झाले तर मागं जायला सवड कशी मिळणार? सहाव्या दिवशी तिनं पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही लावलं. सातव्या दिवशी डोक्याला तेल घासून दिलं. आठव्या दिवशी चार महिने हरवलेलं चष्म्याचं घर शोधून काढलं, जे तिनंच माळ्यावर टाकलं होतं. इतकी सेवा तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीही केली नव्हती. अनंतरावांनी धपाटे मिटक्या मारत खाल्ले. “हे शेऱ्यात घेतो,” ते म्हणाले. “आजचा आभार दोन हजार आठचा. मी मुखेडला बदलीवर असताना दोन वर्षं तू मिहिरला घेऊन एकटी राहिलीस. धन्यवाद.” नवव्या दिवशी तिनं वही तांदळाच्या डब्यात लपवली. त्यांनी सुट्ट्या कागदावर लिहून ठेवलं. संध्याकाळी खिचडीसाठी डबा उघडायची वेळ तिच्यावरच आली. दहाव्या दिवशी तिनं भांडण काढलं.

“नका मानू माझे आभार! अंगावर काटा येतो. लोक काय म्हणतील, म्हातारा फिरला.”

“लोकांना काय करायचंय?”

“मला करायचंय! छत्तीस वर्षं गप होतात, तेच बरं होतं.”

अनंतराव पेन उचलून म्हणाले, “तू तोंडावर खरं बोलतेस. दोन हजार दोनलाही बोलली होतीस, मी साहेबांच्या पुढं पुढं करत होतो तेव्हा. त्याबद्दल धन्यवाद.” तू खरं बोलतेस. ते तीन शब्द प्रेमलाच्या पाठीमागून दिवसभर फिरत राहिले, भांड्यांच्या फळीपासून गच्चीवरच्या वाळवणापर्यंत.

बारावा आभार अठ्ठ्याण्णवचा निघाला. तेरावा, योगायोग म्हणावा तर अंगावर येणारा, आत्याबाईंच्या तेराव्याचा. “दीडशे पानं उठली. तू सकाळपासून एक घोट चहा घेतला नव्हतास.” त्या दिवशी प्रेमलानं स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. उद्या काय म्हणायचं, याची तिनं तालीम केली. ‘बरं’ म्हणायचं. नुसती मान हलवायची. नाहीतर त्या वेळी कुकरची शिट्टी होईल असा कुकर लावायचा. चौदाव्या सकाळी तिनं खरंच कुकर लावला आणि ओट्याचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. टक.

“प्रेमला, मार्च सत्त्याण्णव. आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. कडुलिंबाच्या पाण्यानं रोज पुसायचीस. नाक न दाबता. धन्यवाद.”

शिट्टी झाली. एप्रिल गेला. एप्रिलवरून हा माणूस पाय न लावता पुढं, म्हणजे मागं, निघून गेला होता. तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की तिनं कमलम्माला बोलावून साखर घालून दशम्या खाऊ घातल्या. मग अनंतराव अंघोळीला गेल्यावर तिनं वही उघडली. तेरा: तेरावं. पंधरा: पाठीच्या जखमा. मधे चौदा हा आकडा होता आणि त्यापुढचे तिन्ही खाने कोरे होते. प्रेमलानं त्या कोऱ्या खान्यांवरून बोट फिरवलं. नोंदवहीत कोरी ओळ सोडायची नसते; सुटलीच तर आडवी रेघ मारून सही करायची, नाहीतर मागाहून कुणीही काहीही घुसडतं, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं. त्यानं रेघ मारली नव्हती.

पुढचे चार दिवस आभार चालूच राहिले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये केलेल्या स्वयंपाकाचे, मिहिरच्या जन्माचे. प्रेमला ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिनं सव्वीस-सत्तावीस तिथ्या एकेक करून डोळ्यांपुढं आणल्या. सिंधु बोलतेय, बाया डोळे पुसतायत, आणि अनंतराव? ते कुठं आहेत? प्रत्येक वर्षी ते नेमके त्याच वेळी उठलेले होते. कावळ्याचं पान ठेवायला, गुरुजींची पिशवी आणायला, बाहेर कोण आलं ते बघायला. इतक्या वर्षांत त्या पाण्याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते, आणि माणसांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रेमलाच्या हिशेबातून एवढी मोठी बाकी सुटून गेली होती. म्हणजे ते जाणत होते. नुसते जाणत नव्हते, तर जाणून तिच्या हातचे वीस हजार कप प्यायले होते. आधी तिला आभाराची भीती होती. आता आभार न आल्याची भीती तिच्या शेजारी बसून जेवायला लागली.

एकोणिसाव्या सकाळी टोपण निघायच्या आत ती समोर येऊन बसली. “तुमची एक ओळ सुटली.”

“कुठली?”

“चौदा. आत्याबाईंचं पाणी.”

अनंतरावांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. “सुटली न्हाई,” ते म्हणाले. “मला लिहिता येईना.”

“का?”

“त्या दिवशी मी थेट तीनला आलो न्हाई, प्रेमला. त्याआधी येऊन गेलो होतो. दीडनंतर, जेवायला. सायकल लावली, उंबऱ्यात आलो. आई हाक मारून राहिली होती. मागं तुझ्या भांड्यांचा आवाज. मला वाटलं, तू उठशील आता. तू म्हणत होतीस, आले, आले. मधलं दार लोटलेलं होतं. चार पावलं होती. पण आत गेलं की तिला धरावं लागतं, तो वास, ती बघायची ते. मी बूटसुद्धा काढले न्हाईत. परत गेलो. स्टँडपाशी भजे खाल्ले. प्लेटभर. मिरची मागून घेतली.”

प्रेमलानं टेबलावरचा कप आपल्याकडं ओढला.

“मग निरोप आला. घरी आलो तर तू म्हणालीस, पाणी पिऊन गेल्या. त्या एका जबाबावर मी जगून राहिलो. सिंधु बोलायला लागली की मला वाटायचं, तू वर बघितलंस तर माझ्या तोंडावर दिसंल. म्हणून उठायचो.” त्यांनी वही तिच्याकडं फिरवली. “बाकी सगळ्याला मी साक्षीदार हाय. एवढ्या एका नोंदीला न्हाई. मी दारातून पळालो. तू सांग, मी लिहितो.” आणि मग, आयुष्यभर साहेबांपुढं वापरलेल्या आवाजात नव्हे, तर सहा वर्षांच्या मिहिरनं विचारावं तशा आवाजात, “दिलं होतंस ना?”

खरं बोललं तर ती सुटणार होती. सत्तावीस वर्षांचं ओझं या टेबलावर ठेवून उठता आलं असतं. पण ते उतरणार कुणाच्या अंगावर, हे समोर दिसत होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, बनियनवर, पांढरी छाती खालीवर होणारी. तिच्या सहा वाट्या आणि त्याची चार पावलं. कुणाचं जास्त, हे तिच्यासारख्या हिशेबी बाईला लावता येईना, आणि त्याला जाब विचारायचा हक्कही तिला कुठल्याच खान्यात सापडेना.

“हाव,” ती म्हणाली. “दिलं. दोन घोट घेतले. तिसऱ्याला नको म्हणाल्या.”

अनंतराव तिच्याकडं बघत राहिले. डोळ्यांत, अगदी नियमाप्रमाणे. इतका वेळ की प्रेमलाला आपल्या पापण्या जड झाल्यासारख्या वाटल्या, पण तिनं त्या खाली घेतल्या नाहीत. मग त्यांनी वही आपल्याकडं ओढली आणि चौदा नंबरच्या ओळीत, घोटीव अक्षरात, सावकाश लिहिलं.

“धन्यवाद, प्रेमला,” ते म्हणाले.

तिला उलटं वाचता येत होतं. विषयाच्या खान्यात ‘पाणी’ एवढाच शब्द होता. कामाच्या तारखेच्या खान्यात सत्त्याण्णवचं साल नव्हतं. तिथं आजची तारीख होती. अनंतरावांनी टोपण लावलं नाही. पानाच्या खालच्या कोऱ्या ओळींवर ते आकडे घालत बसले, वीस, एकवीस, बावीस, पार टोकापर्यंत. आणि प्रेमला त्यांच्यासमोर बसून ते मोजत राहिली, कारण आता उठून जायला दोघांनाही दुसरी खोली उरली नव्हती.